कंटाळ्याच्या वेळात हाताला काय द्यायचं आणि डोक्याला काय?

सांजवेळ विचारतात:

संध्याकाळी ७ ते ९ हे दोन तास रोज रिकामे असतात. कंटाळा वाया घालवू नका, त्यातूनच नवं सुचतं, असं हल्ली जो तो सांगतो. करायचं काय, ते मात्र कुणी सांगत नाही. फोन बाजूला ठेवून नुसतं बसलं की दहाव्या मिनिटाला जुनी भांडणं डोक्यात सुरू होतात. वही उघडली तर पान कोरंच राहतं. तेव्हा जाणकारांनी कृपया नेमकं सांगावं: किती वेळ, कोणतं साहित्य, कोणत्या क्रमाने, आणि हे बहुतेकांचं कुठे फसतं? "छंद जोपासा" सोडून काहीही चालेल.

बिरडं

नुसतं बसलात तिथेच फसलं. तो दोष तुमचा एकट्याचा नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात टिमथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी लोकांना १५ मिनिटं रिकाम्या खोलीत बसवलं. सोबतीला फक्त एक बटण, दाबलं की विजेचा झटका बसणारं. हाच झटका टाळायला पैसेही देऊ, असं ही मंडळी आधी म्हणाली होती. तरी १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी तो स्वतःला देऊन घेतला. हे २०१४ साली प्रसिद्ध झालं.

त्याच वर्षी इंग्लंडमधल्या सँडी मान आणि रेबेका कॅडमन यांचा प्रयोगही आला. लोकांना १५ मिनिटं टेलिफोन डिरेक्टरीतले नंबर उतरवायला लावले आणि मग थर्माकोलच्या दोन पेल्यांचे जमतील तेवढे उपयोग विचारले. आधी कंटाळलेल्यांना जास्त उपयोग सुचले. पुढच्या फेरीत नंबर न उतरवता नुसते वाचत बसलेले लोक उतरवणाऱ्यांच्याही पुढे गेले. माझ्या मते यातून घ्यायचं ते एवढंच, की काम डोकं जितकं कमी अडवेल तितकं बरं. हातात मात्र काहीतरी हवंच, नाहीतर तुमची ती भांडणं सुरू होतात.

म्हणून ७ वाजता स्वयंपाकघरातलं निवडण्या-सोलण्याचं काम घ्या. लसूण, मटार, मेथीची जुडी, काहीही. सगळ्यात उत्तम म्हणजे मोड आलेले कडवे वाल. रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, सोलायच्या आधी कोमट पाण्यात टाकायचे म्हणजे साल बोटांनी दाबताच सुटते. एक वाटी कोरड्या वालांचं सोलणं वीस-पंचवीस मिनिटं पुरतं, आणि तेवढाच वेळ हवा. पाच-सात मिनिटांत संपणारं काम निरुपयोगी, कारण कंटाळा यायच्या आतच ते संपतं.

विळी किंवा सुरी लागणारं काम घेऊ नका. बोट जपण्यातच सगळं लक्ष जातं. तांदळातले खडे वेचणंही तितकंसं बरं नाही, डोळे अडकतात. आणि कानात पॉडकास्ट असेल तर हे सगळं सोडून द्या. जी जागा रिकामी व्हायला हवी तीच तुम्ही दुसऱ्याच्या आवाजाने भरता. लोक इथेच चुकतात आणि मग म्हणतात की आम्हाला काही सुचत नाही.

दुसरी अट: बसण्याआधी डोक्यात एक प्रश्न टाकून ठेवा, तोही लहानसा. "आयुष्यात काय करू" नको. "जुन्या टॉवेलचे वीस उपयोग", "जिन्याखालच्या जागेचं काय करता येईल", असला. सोलताना त्याचा पाठलाग करायचा नाही. काम संपलं, हात धुतले, की १० मिनिटं लिहायचं. वही-पेन्सिल आधीच उघडून ठेवलेली हवी, कारण ती शोधायला उठलात की वाटेत फोन दिसतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पालथा घालून ओट्यावर ठेवणं चालत नाही.

यादीतले पहिले सात-आठ उपयोग कुणालाही सुचतील असेच येतात: फरशी पुसणं, पायपुसणं, गाडी पुसणं. मग गाडी अडते. अडली म्हणजे संपलं असं समजून बहुतेक जण तिथेच उठतात. दहाव्यानंतरचे वाचण्यासारखे असतात, म्हणून आकडा वीसच ठेवा.

कोरा_कागद

बिरडं यांनी सुचण्याबद्दल लिहिलं आहे. मी आत्मपरीक्षणाबद्दल लिहितो. ते वेगळं काम आहे आणि त्याच बैठकीत करू नये.

आधी कंटाळा आणि आळस यांतला फरक. आळशाला काही करायचंच नसतं. कंटाळलेल्याला करायचं असतं, पण कशातच मन लागत नाही. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातले जॉन ईस्टवुड यांनी २०१२ मध्ये कंटाळ्याची जी व्याख्या मांडली तिचा गाभा हाच आहे. म्हणजे कंटाळा ही तक्रार आहे, आणि तक्रार नोंदवून घेतल्याशिवाय तिच्यावर इलाज ठरवता येत नाही.

सात दिवस नोंद ठेवा. कंटाळा जाणवला की फक्त चार गोष्टी लिहा: वेळ, जागा, हातात काय होतं, आणि त्याऐवजी काय असतं तर बरं वाटलं असतं. एका नोंदीला एक ओळ, त्याहून जास्त नाही. आठवड्याने सगळ्या ओळी एकदम वाचा. पुढच्या चार कारणांपैकी एखादं वारंवार दिसेल. काम फार सोपं असेल तर वेळ किंवा संख्येची अट घालून ते अवघड करा. काम फार अवघड असेल तर पुढची एकच पायरी लिहून काढा. हे कारण लवकर ओळखू येत नाही, कारण "मला यात रस नाही" असं आपण म्हणतो आणि खरं तर पुढे काय करायचं ते माहीत नसतं. काम कुणासाठी चाललंय तेच कळत नसेल तर त्या माणसाशी एकदा बोलून घ्या. आणि सगळ्या नोंदी जेवणाआधीच्या किंवा रात्री दहानंतरच्या असतील तर तो कंटाळा नव्हे, भूक किंवा झोप आहे. सांजवेळ, तुमची वेळ ७ ते ९ आहे. आधी काहीतरी खाऊन पाहा.

आता भांडणांचं. तेच तेच उगाळणं आणि विचार करणं यांत फरक पडतो तो प्रश्नाने. "असं का झालं" विचारलं की मन लगेच गोष्ट रचतं, आणि त्या गोष्टीत आपण एकतर बिचारे असतो नाहीतर मूर्ख. त्याऐवजी "नेमकं काय झालं, कुठे, कोण काय शब्द बोललं, त्यानंतर मी काय केलं" असं विचारा. तपशील आठवावा लागला की उगाळणं मंदावतं. स्वतःला "मी" न म्हणता नावाने लिहिणं हा दुसरा उपाय: "तेव्हा सुनीताने काय केलं?" मानसशास्त्रज्ञ इथन क्रॉस यांच्या प्रयोगांत या एवढ्याशा बदलाने मनाची तगमग कमी झालेली दिसली आहे. पहिल्या दिवशी हास्यास्पद वाटतं, ते चालायचंच.

मोजमाप: सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, एकच विषय. १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर आणि सॅन्ड्रा बील यांनी अभ्यासासाठी वेळेचं हेच प्रमाण घेतलं होतं. लिहून झाल्या झाल्या मन जड होतं. ते अपेक्षित असतं, पण म्हणूनच हे झोपायच्या आधी करू नये. गजर लावा आणि वाजला की अर्ध्या वाक्यातही थांबा. शुद्धलेखन पाहू नका, लिहिलेलं लगेच वाचू नका. फाडून टाकायचं असेल तर खुशाल फाडा.

एक अपवाद. दोन आठवडे रोज, दिवसाचा बहुतेक वेळ, आवडत्या गोष्टीतही रस वाटत नसेल आणि झोप-भूक बदलली असेल तर वही पुरे. डॉक्टरकडे जा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं.

जुनी_ओवी

वालांवरून जात्याची आठवण होणं साहजिकच. पहाटेचं एकसुरी दळण आणि त्यातून आलेल्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी प्वात्व्हँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रात अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. पण एक आक्षेप नोंदवते. त्या बायका कंटाळा "संधी" म्हणून वापरत नव्हत्या. दळल्याशिवाय भाकरी नव्हती. विजेची गिरणी आली तेव्हा जातं सुटल्याचं त्यांना दुःख झालं असेल असं समजायचं कारण नाही. त्या बदलात गाणी मागे पडली, हेही तितकंच खरं.

यातून तंत्र घ्यायचं तर असं: खुंट्याच्या फेऱ्याची लय ठरलेली, ओळीचा साचाही ठरलेला, त्यामुळे रोज नवं फक्त थोडंसंच शोधावं लागे. कोऱ्या पानावर तुम्हाला साचा आणि मजकूर दोन्ही शोधावे लागतात, म्हणून ते कोरं राहतं. साचा तयार घ्या. मोठ्या अभंगाचा घ्या: चार चरण, अक्षरं ६, ६, ६, ४, दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक. जोडाक्षर एकच अक्षर मोजायचं, ऱ्हस्व-दीर्घ पाहायचं नाही. विषय समोर दिसेल तो:

कुकर चढला / शिट्ट्या मोजते मी / एक झाली कमी / भात कच्चा

भव्य विषय घेतलात की "जीवन", "अंतरी", "सावली" हे शब्द आपोआप येतात आणि ओळ मेलीच म्हणून समजा. एका बैठकीत पाच लिहा, चार टाकून द्या.

ठिपका

ज्यांना शब्द नकोत त्यांच्यासाठी ठिपक्यांची रांगोळी, तीही कागदावर. गणिताची चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर. महागडी स्केचबुकं विकत घेऊ नका. पान खराब होईल या भीतीने ती कोरीच राहतात.

५ ठिपके, ६ ओळी. दोन ठिपक्यांत दोन घरांचं अंतर ठेवा, आणि कडेच्या ठिपक्यांपासून एक घर बाहेर चौकट आखा. चौकट १० × १२ घरांची होईल. आता कोपऱ्यातल्या ठिपक्याच्या समोर चौकटीवर जो बिंदू येतो तिथून निघा आणि घराच्या कर्णाने तिरके चालत राहा. चौकट लागली की कॅरमच्या सोंगटीसारखं वळायचं. रेघ प्रत्येक वेळी शेजारच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध जाते, ठिपक्यावरून कधीच नाही. १२० तिरक्या पावलांनंतर तुम्ही निघालात तिथेच परत येता आणि प्रत्येक ठिपका रेघेने वेढलेला असतो. नंतर चौकट खोडून वळणं गोल करा. तमिळनाडूतलं सिक्कु कोलम, म्हणजे ठिपक्यांभोवती फिरणाऱ्या रेघांची तिथली रांगोळी, या जातीचं असतं.

पहिल्याच दिवशी ५ × ५ घेतलं की लोक गोंधळतात. रेघ लवकर बंद होते, बरेच ठिपके उघडे राहतात आणि आपलंच चुकलं असं वाटतं. चुकलेलं नसतं. किती वेगळ्या रेघा लागणार हे दोन्ही आकड्यांच्या मसाविवर ठरतं. ५ आणि ६ चा मसावि १, म्हणून एक रेघ. ४ आणि ६ चा २, म्हणून दोन. ५ आणि ५ चा ५, म्हणून पाच.

हे अर्धा तास चालतं, हात गुंततात आणि डोकं मोकळं राहतं. मध्येच काही सुचलं तर समासात एक शब्द टिपा आणि रेघ चालू ठेवा.

सांजवेळ

सगळ्यांचे आभार. खाण्याचा मुद्दा वर्मी लागला. दोन शंका. लोकलमध्ये उभ्याने कंटाळा येतो, तिथे ना वाल ना वही. आणि ऑफिसच्या लांबलचक मीटिंगमध्ये काय करायचं?

कोरा_कागद

मीटिंगमध्ये कागदावर चौकोन आणि गोल काढून ते भरत बसा. प्लिमथ विद्यापीठातल्या जॅकी अँड्रेड यांच्या प्रयोगात ४० जणांना फोनवरचा एक रटाळ निरोप ऐकवला होता. ऐकताना आकृत्या भरणाऱ्यांना इतरांपेक्षा २९ टक्के जास्त तपशील आठवले. मात्र ठिपक्यांची रांगोळी तिथे नको. ती मोजावी लागते आणि मीटिंग निसटते.

लोकलमध्ये एकच गोष्ट निवडा आणि उतरेपर्यंत तीच पाहा: माणसं पिशव्या कशा धरतात, दाराशी उभी राहणारी कुठे हात टेकतात. उतरल्यावर फलाटावरच तीन ओळी लिहा. घरी जाऊन लिहू म्हटलं की त्यातली जेमतेम एक उरते. डब्यात फोनवर टिपणं मात्र टाळा, टिपणाच्या शेजारीच सगळं जग असतं.

गणपुले

ठिपका, ४ × ४ काढलं. सांगितल्याप्रमाणे चार रेघा आल्या. त्यांची एकच करता येते का?

ठिपका

येते. शेजारच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध जिथे दोन वेगळ्या रेघा एकमेकींना छेदतात, तिथे एक छोटी भिंत घाला. रेघांनी छेदून न जाता त्या भिंतीवर आपटून वळायचं. दोन्ही रेघा जोडल्या जातात. चार रेघांसाठी अशा तीन भिंती. प्रत्येक भिंतीनंतर सगळी रेघ नव्याने फिरवून पाहा, कारण चुकून एकाच रेघेच्या स्वतःच्या छेदावर भिंत पडली तर जोडणी होत नाही, उलट कधीकधी तिचेच दोन तुकडे होतात. चारही रेघा वेगवेगळ्या रंगीत पेन्सिलींनी काढल्यात तर कुठला छेद चालेल ते लगेच दिसतं.