ट्वायलाइटमधली बेला : चार पुस्तकांत एकच मुलगी आहे का ही?

ट्वायलाइट या व्हॅम्पायर-प्रेमकथेची चारही पुस्तकं (२००५ ते २००८) सलग परत वाचली आणि माझं ठाम मत झालंय की नायिका बेलाला लेखिकेने कथेच्या सोयीने हवं तसं वळवलंय. पहिल्या भागात ही मुलगी वडिलांचं, म्हणजे चार्लीचं, जेवणखाण बघते, आई जेम्स या क्रूर व्हॅम्पायरच्या तावडीत आहे असं वाटल्यावर एकटी त्याच्यासमोर जाऊन उभी राहते, आणि दुसऱ्या भागात, न्यू मूनमध्ये, तिचा व्हॅम्पायर प्रियकर एडवर्ड तिला सोडून गेला की ऑक्टोबर ते जानेवारी नुसती महिन्यांची नावं, बाकी पानं कोरी! आईचं लवकर केलेलं लग्न मोडलं म्हणून लग्न नको नको म्हणते आणि अठराव्या वर्षी करून मोकळी. मूल नकोच होतं, मग अचानक बाळासाठी मरायला तयार. माणूस बदलतो हो, पण बदलताना दिसायला तर हवा.

प्रतिसाद : अजिबात पटलं नाही. बेला पहिल्यापासून एकच गोष्ट करते, आपल्या माणसासाठी स्वतःला झोकून देते. आधी आईसाठी, मग एडवर्डला वाचवायला व्हॅम्पायरांच्या सत्ताधाऱ्यांच्या गावी, व्होल्टेराला, मग बाळासाठी. आणि डिप्रेशन काय धीट माणसाला येत नाही? ती कोरी पानं मला तर सगळ्यात खरी वाटली. शेवटची शील्डसुद्धा (दुसऱ्यांच्या शक्ती अडवणारी तिची मानसिक ढाल) उगाच आलेली नाही, एडवर्डला तिचं मन कधीच वाचता येत नव्हतं, नुसत्या नजरेने वेदना देणाऱ्या जेन या व्हॅम्पायरची पॉवरही तिच्यावर चालली नव्हती.

माझं उत्तर : शील्डबद्दल तक्रार नाहीच माझी, तिची तयारी मस्त केलीय. म्हणून तर बाळाचं जास्त खटकतं. बेलाच्या व्हॅम्पायर होण्याविरुद्ध मत देणाऱ्या रोझलीला, एडवर्डच्या घरातल्याच व्हॅम्पायरला, ती बाळ वाचवायला मदतीला बोलावते, म्हणजे केवढा मोठा निर्णय, आणि नेमकं तिथून पुढे कथा जेकब, तिच्यावर प्रेम करणारा तिचा मित्र, सांगायला लागतो! तीन पुस्तकं आपण तिच्या डोक्यात बसलोय, आणि जिथे तिचं डोकं वाचायची खरी गरज आहे तिथे दार बंद.

दुसरा प्रतिसाद : पण निर्णय तिच्याच तोंडून येतो ना, जेकबचा भाग सुरू व्हायच्या आधी. पहिल्या हालचालीनेच तिचं जग बदललं असं ती स्पष्ट सांगते.

माझं उत्तर : सांगते, पण किती पटकन! नंतर तिची तब्येत ढासळत जाते, एडवर्ड बाजूला बसून तडफडतोय, तेव्हा तिला एकदाही भीती वाटली नसेल? शंका आली नसेल? ते सगळं आपल्याला जेकबच्या रागातून बघावं लागतं.

पहिला प्रतिसाद देणारी परत : बाहेरून बघितल्यामुळेच तर तिचा हट्ट किती भयंकर आहे ते कळतं. तिच्या तोंडून आलं असतं तर आपण नेहमीसारखं तिचंच खरं मानून पुढे गेलो असतो.