मसाज गनने लॅक्टिक अ‍ॅसिड निघत नाही!

घाटवेडा:
काल आपल्या पळणाऱ्यांच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "सातारा हिल मॅरेथॉन पळालो, संध्याकाळी दहा मिनिटं मांड्यांवर गन (स्नायूंवर भराभर ठोके देणारं हातातलं मशीन) मारली, सगळं लॅक्टिक अ‍ॅसिड निघून गेलं. गन नसेल तर रिकव्हरी विसरा." लगेच खाली कोणती घेऊ, कितीला मिळेल, सुरू. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

लॅक्टेट, म्हणजे ज्याला सगळे लॅक्टिक अ‍ॅसिड म्हणतात ते, पळणं थांबल्यावर तास-दीड तासात आपोआप खाली येतं. संध्याकाळी काढायला ते शिल्लकच नसतं. मांड्यांची वाट लागते ती यवतेश्वरचा घाट चढताना नव्हे, उतरताना. प्रत्येक पावलाला स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, त्यात तंतूंना बारीक इजा होते. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कठडा धरून, तिरकं होत जिना उतरावा लागतो. ती इजा झोपेने आणि जेवणाने भरते, तिच्या वेळेने भरते.

मी तीन आठवडे दुखऱ्या नडगीवर गन मारली. अर्धा तास बरं वाटायचं, की निघालो पळायला. एमआरआयमध्ये हाडाला चीर निघाली. दहा आठवडे घरी बसलो. सीझन गेला.

फिजिओ_पुणे:
नडगीवर? हाडावर गन मारायची नाही हे पहिल्या दिवशी सांगतात. चूक तुमची, दोष मशीनला.

लॅक्टिक अ‍ॅसिडचं तुमचं बरोबर आहे. पण म्हणून गन निरुपयोगी ठरत नाही. २०२० च्या एका अभ्यासात १६ पुरुषांच्या पोटऱ्यांवर पाच मिनिटं गन चालवली. घोटा साधारण पाच अंश जास्त वाकला आणि ताकद घटली नाही. आखडलेल्या माणसाला तेवढा मोकळेपणा पुष्कळ असतो.

घाटवेडा:
हा मोकळेपणाचा पुरावा झाला. स्नायू भरून येण्याचा कुठाय?

तालमीतला:
तुमचं चालू द्या, पण मालीश म्हणजे काय हे तुम्हा दोघांना ठाऊक न्हाई. कोल्हापुरात तालमीत होतो. मेहनत झाली की वस्ताद जोडीदाराला पाठीवर बसवायचे. तेलाचा हात फिरता फिरता एका जागी थांबायचा, "हितं गाठ हाय", आणि अंगठा तिथंच रुतायचा. मशीनला गाठ कळती का? कुस्तीच्या हौद्यातल्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती अंगाला लावणारी माणसं आम्ही. हजारो रुपये घालून घर्रर्र करणारं खेळणं घेतलं न्हाई कधी.

दोन_पोरांची_आई:
दादा, तुमच्या पाठीवर जोडीदार बसायचा. माझ्या कोण बसणार?

पहाटे साडेचारला उठून पळते, मग डबे, मग ऑफिस, मग स्वयंपाक. रात्री साडेदहाला पोरं झोपली की बेडरूमचं दार लावून, सासूबाईंना आवाज जाऊ नये म्हणून मांडीखाली उशी घेऊन सर्वांत कमी स्पीडवर सात मिनिटं गन फिरवते. दिवसभरात माझ्या शरीराला मिळालेली तेवढीच सात मिनिटं. त्याला खेळणं म्हणू नका.

तालमीतला:
बायकांविरुद्ध मी काय बोललो? आता पोरीबी तालमीत हायत. २०२३ ला सांगलीत महिला महाराष्ट्र केसरी झाली, सांगलीचीच प्रतीक्षा बागडी जिंकली. उगं भलता अर्थ काढू नका.

दोन_पोरांची_आई:
पुरुषांची केसरी १९६१ पासून. आमची २०२३ ला. मधली बासष्ट वर्षं कुणाच्या पाठीला कुणाचा हात लागत होता, ते सांगा. घरातल्या पुरुषाचं डोकं दुखलं की बाई तेल घेऊन धावते. तिच्या पोटऱ्या कोण दाबतं?

घाटवेडा:
विषय मसाज गनचा होता.

दोन_पोरांची_आई:
हाच विषय आहे. तुम्ही विचारलंत स्नायू भरतो का. नसेल भरत. मला झोप लागते. आणि झोपेने इजा भरते हे तुम्हीच वर लिहिलंय.

फिजिओ_पुणे:
झोपेचा मुद्दा मान्य. ताई, स्पीड कमीच ठेवा, एका स्नायूला एक-दोन मिनिटं बास. मानेच्या पुढच्या बाजूला, फुगलेल्या शिरांवर नको. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. एकच पोटरी सुजून गरम लागत असेल तर गन बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा, गुठळी असू शकते. २०२१ मध्ये एक केस छापून आली होती. सायकलिंग करून थकलेल्या तरुणीच्या मांड्यांवर कोचने गन चालवली, लघवी चहासारखी झाली, स्नायू फुटून रक्तात उतरले होते. तिला आधीपासून अ‍ॅनिमिया होता. दुर्मीळ आहे, पण थकलेल्या मांडीवर जोर काढायचा नसतो.

घाटवेडा:
ठीक. झोप लागत असेल तर वापरा. "गन नसेल तर रिकव्हरी नाही" हे खोटं, यावरून मी हलणार नाही. पहिल्यांदा पळायला आलेल्या पोरांनी त्या पैशांत बरे बूट घ्यावेत.

तालमीतला:
मंडळींनी मागं उभं राहून हे सगळं वाचलं. दिवसभर दुकानात उभी असती. "पंधरा वर्षांत माझ्या पोटऱ्या एकदा तरी दाबल्या का?" म्हणाली. मला उत्तर देता आलं न्हाई. रात्री तेल गरम केलं. डाव्या पोटरीत अंगठ्याएवढी गाठ होती, हात लागताच ती कळवळली. कधीपासून हाय विचारलं, तर म्हणाली, धाकट्याच्या वेळेपासून.