स्त्रीबीज सुटण्यासाठी घेतलेली औषधे : नागपूरकरांचे अनुभव

पाळी अनियमित असल्यामुळे किंवा स्त्रीबीज वेळेवर सुटत नसल्यामुळे ज्यांनी लेट्रोझोल, क्लोमिफिन अथवा हार्मोनची इंजेक्शने घेतली आहेत, अशा नागपूर परिसरातील मंडळींनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत. नावाऐवजी वस्तीचा उल्लेख पुरे. औषधाची मात्रा लिहायला हरकत नाही. मात्र ती वाचून कोणीही गोळ्या परस्पर आणू नयेत.

महाल : मला पीसीओडी (म्हणजेच पीसीओएस) आहे. बीजांडकोशात पुटके (ज्यांत स्त्रीबीज वाढते त्या बारीक पिशव्या) पुष्कळ दिसत, पण एकही पूर्ण वाढून फुटत नसे. पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस लेट्रोझोलची २.५ मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली गेली, आणि ती स्तनाच्या कर्करोगावर देतात हे वाचून सासूबाईंनी गोळ्या कपाटात ठेवून दिल्या. त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती, कारण वंध्यत्वासाठी हे औषध वापरण्यास केंद्र सरकारने २०११ मध्ये बंदी घातली होती. ती २०१७ मध्ये उठली. डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर बसवून समजावले, की ही गोळी इस्ट्रोजेन तयार करणाऱ्या अरोमाटेज या विकराला (एन्झाइमला) काही दिवस अडवते, इस्ट्रोजेन घटले की मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी एफएसएच हे हार्मोन अधिक सोडते, आणि त्या जोरावर पुटक वाढते. अमेरिकेत पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लेट्रोझोल गटातील २७.५ टक्के, तर क्लोमिफिन गटातील १९.१ टक्के स्त्रियांना मूल झाले, हेही त्यांनी सांगितले. सासूबाईंचे समाधान झाले. मला मात्र उरलेले टक्केच दिसत राहिले. धंतोलीत फॉलिक्युलर स्टडीसाठी, म्हणजे पुटकाची वाढ पाहणाऱ्या सोनोग्राफीसाठी, एक दिवसाआड जावे लागे. पुटक १८ मिलिमीटरच्या पुढे गेल्यावर एचसीजी या हार्मोनचे इंजेक्शन मिळाले, ज्यानंतर सुमारे ३६ तासांनी बीज सुटते. काही महिन्यांनी गर्भ राहिला. मुलगी आता बालवाडीत जाते.

मनीषनगर : मला क्लोमिफिन ५० मिलिग्रॅम दिले होते. बीज सुटले, पण या औषधाने इस्ट्रोजेनचा परिणाम गर्भाशयातही अडतो, त्यामुळे अस्तर पातळ राहिले आणि पुढे लेट्रोझोलवर आणले गेले. भर मे महिन्यात गोळ्या चालू असताना झळा बाहेरून येतात की आतून, हेच कळत नसे.

वर्धमाननगर : पतीच्या बाजूने लिहितो. पत्नीच्या गोळ्या सुरू होण्याआधी डॉक्टरांनी माझी वीर्यतपासणी करून घेतली, ते योग्यच झाले. आमच्या नात्यात एका वहिनींना वर्षभर औषधे देऊनही दादांना कोणी तपासणीचे विचारले नव्हते. पुढे एफएसएचची इंजेक्शने लागली. ती २ ते ८ अंश तापमानात ठेवायची असल्याने, पारा ४५ च्या घरात असताना, बर्फाच्या पिशवीच्या डब्यातून आणत असे. बर्फाचा थेट स्पर्श होऊन औषध गोठू नये, याचीही काळजी घ्यावी लागते.

इतवारी : एफएसएचच्या इंजेक्शनांनी माझी पुटके गरजेपेक्षा फार जास्त वाढली. जुळी-तिळी राहण्याचा आणि बीजांडकोश सुजून पोटात पाणी साचण्याचा धोका असल्याने डॉक्टरांनी एचसीजी दिलेच नाही, आणि त्या महिन्यात संबंध टाळण्यास सांगितले. इतका खर्च करून हाती काही नाही, याचा तेव्हा संताप आला होता. आज तो निर्णय मला बरोबर वाटतो. पोट एकाएकी फुगणे, वजन झपाट्याने वाढणे, लघवी कमी होणे किंवा धाप लागणे असे काही जाणवल्यास रात्रीही दवाखान्यात यावे, असे त्यांनी बजावले होते. पुढच्या वेळी मात्रा कमी केली आणि एकच पुटक वाढले. बीज सुटूनही अजून गर्भ राहिलेला नाही, म्हणून आता गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहण्यासाठी एचएसजी ठरली आहे. ही तपासणी कोणी करून घेतली असल्यास ती कितपत दुखते, आणि त्या दिवशी एकटीने घरी परतता येते का, हे कृपया लिहावे.