फेडरल धोरण बदललं, आता शाळेतल्या डीईआय कार्यक्रमांचं काय करायचं?

पाटीपेन्सिल (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. डीईआय म्हणजे डायव्हर्सिटी, इक्विटी, इन्क्लुजन (विविधता, समता, समावेशन). त्यातल्या चार गोष्टी आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या इक्विटी समितीपुढे आहेत. सहावी ते आठवीचं मेंटरिंग, ज्याच्या पत्रकावर 'कृष्णवर्णीय आणि लॅटिनो विद्यार्थ्यांसाठी' असं छापलंय. ऑनर्स (वरच्या पातळीच्या) गणिताआधीचा उन्हाळी वर्ग. शिक्षकांचं प्रशिक्षण. आणि दिवाळी, लूनर न्यू इयर, ब्लॅक हिस्ट्री मंथ हे कार्यक्रम.

वरून तोंडी सूचना आली आहे की वेबसाइटवरून 'डायव्हर्सिटी', 'इक्विटी' हे शब्द काढा आणि मेंटरिंग पुढच्या सत्रापासून बंद करा. समितीतले काही जण म्हणतात, नाव बदलू आणि काम तेच चालू ठेवू. वंश पाहून चालवलेल्या कार्यक्रमांवरून फेडरल निधी रोखण्याचा इशारा देणाऱ्या, शिक्षण खात्याच्या फेब्रुवारी २०२५ च्या पत्राचं पुढे काय झालं? नक्की काय बदलणं भाग आहे आणि कशाला हात लावू नये? महिनाभरात बोर्डापुढे प्रस्ताव ठेवायचा आहे.

खडूफळा

'नाव बदलू, काम तेच' हा सगळ्यात धोक्याचा रस्ता आहे, तो आधी बाजूला ठेवा. निवड जुन्याच पद्धतीने होत राहिली तर नव्या नावाने काहीच वाचत नाही. उलट 'फक्त लेबल बदलतोय' असं एक ईमेल हेतूचा पुरावा ठरतं. न्यू जर्सीत असे ईमेल सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली कुणीही मागू शकतं. जुनी पत्रकं, स्लाइड्स, फॉर्म पुसून टाकणंही तितकंच वाईट. वेबसाइटवरून काढायचं ते काढा, पण नोंदी जतन करायच्या वेळापत्रकाप्रमाणे मूळ प्रत ठेवा.

आता पत्राचं. शिक्षण खात्याचं 'डियर कलीग' पत्र १४ फेब्रुवारी २०२५ चं. ३ एप्रिलला राज्यांकडून त्याच धर्तीवर, 'बेकायदा डीईआय चालवत नाही' अशी हमीपत्रं मागितली. २४ एप्रिलला न्यू हॅम्पशायर, मेरीलँड आणि वॉशिंग्टन डीसी इथल्या तीन फेडरल न्यायाधीशांनी वेगवेगळ्या निकालांत या मोहिमेला लगाम घातला. १४ ऑगस्टला मेरीलँडच्या न्यायालयाने पत्र आणि हमीपत्राची मागणी दोन्ही रद्द ठरवली. त्यामुळे त्या पत्राला घाबरून कार्यक्रम बंद करायचं कारण नाही.

पण त्याखालचा कायदा जिथल्या तिथे आहे. १९६४ च्या सिव्हिल राइट्स अ‍ॅक्टचा टायटल सिक्स: फेडरल पैसा घेणाऱ्या संस्थेने वंश, वर्ण, राष्ट्रीय मूळ यावरून भेदभाव करायचा नाही. २००७ च्या सिअ‍ॅटल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळा ठरवताना एकेका मुलाचा वंश मोजायला मनाई केली आणि २०२३ च्या हार्वर्ड निकालाने (कॉलेज प्रवेशात वंश पाहायला मनाई) ती रेघ आणखी ठळक केली. तुमच्या पत्रकावरचं ते वाक्य याच कायद्यात अडकतं. ते जायलाच हवं. मेंटरिंग जायला नको!

करायचं काम असं. एक तक्ता करा: कार्यक्रम, आत येण्याची अट, निवड कोण करतं, जाहिरात कुठे होते, पैसा कुठून येतो, सही कोणाची. प्रत्येक ओळीसमोर पॉलिसीची नव्हे तर प्रत्यक्ष वापरातल्या कागदाची प्रत लावा: पत्रक, गूगल फॉर्म, समुपदेशकाचं ईमेल. गडबड नेहमी तिथेच सापडते. पॉलिसी म्हणते 'सर्वांसाठी खुलं', आणि फॉर्मवर वंशाचा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. किंवा पत्रक स्वच्छ असतं, पण समुपदेशक ठरावीक घरांनाच फोन करतात.

सणांचं सोपं आहे. शिक्षण खात्याने त्या पत्रानंतर काढलेल्या प्रश्नोत्तरांतही सांस्कृतिक, ऐतिहासिक कार्यक्रमांना हरकत घेतली नव्हती, अट एवढीच की वंशावरून कुणाला बाहेर ठेवू नये. दिवाळीच्या पत्रकावर 'सर्व कुटुंबांना आमंत्रण' लिहा आणि सभागृहाचं भाडं, वेळ, विमा इतर गटांना असतो तोच ठेवा.

पाटीपेन्सिल

मनापासून आभार. मग मेंटरिंगची नवी अट काय ठेवायची? मोफत जेवणाच्या यादीतली मुलं घ्यावीत, किंवा ठरावीक दोन प्राथमिक शाळांतून आलेली, असं सुचवलं जातंय.

रिकामा_डबा

जेवणाच्या यादीपासून जपून. ती माहिती फेडरल कायद्याने गोपनीय आहे. डिस्ट्रिक्टच्या स्वतःच्या मेंटरिंगसाठी मुलाचं नाव आणि पात्रता द्यायची तर पालकांची लेखी संमती लागते. मेंटर बाहेरचे स्वयंसेवक असतील तर त्यांच्या हाती ती यादी पडताच कामा नये, कारण कोणतं मूल फुकट जेवतं हे सगळ्या वर्गाला कळायला एक दिवस पुरतो. शिवाय ज्या शाळा सरसकट सगळ्यांना मोफत जेवण देतात, तिथे घरोघरचे अर्जच भरले जात नाहीत, म्हणजे यादी अर्धवट निघते.

ठरावीक शाळा किंवा झिप कोड हा प्रकार आणखी नाजूक. न्याय खात्याच्या जुलै २०२५ च्या मेमोनुसार वरकरणी तटस्थ निकषही वंशाचा परिणाम साधायला निवडला असेल तर बेकायदा. मेमो म्हणजे कायदा नव्हे, आणि व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीचं तटस्थ प्रवेशधोरण चौथ्या सर्किटने (विभागीय फेडरल अपील न्यायालयाने) २०२३ मध्ये वैध ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ते अपील ऐकायला नकार दिला. पण न्यू जर्सी तिसऱ्या सर्किटमध्ये येतं. तिथे जुलै २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या मॅग्नेट (निवडून प्रवेश देणाऱ्या खास) शाळांचा खटला पुन्हा उभा राहिला. मुद्दा होता काही झिप कोडांना दिलेल्या प्राधान्याचा. न्यायालय म्हणालं, धोरणामागचा हेतू वांशिक होता का हे सुनावणीत तपासावं लागेल. तुमच्या डिस्ट्रिक्टला हाच निकाल जवळचा.

म्हणून निकष कार्यक्रमाच्या कामातूनच काढा. मेंटरिंग गैरहजेरी कमी करायला असेल तर गैरहजेरीच मोजा: १८० दिवसांच्या वर्षात १० टक्के, म्हणजे १८ दिवस किंवा जास्त चुकलेली मुलं. वाचनासाठी असेल तर सप्टेंबरच्या चाचणीतले गुण. कॉलेजची वाट दाखवायला असेल तर 'पालकांपैकी कुणाकडेही चार वर्षांची पदवी नाही' ही पालकांनी स्वतः फॉर्मवर भरायची माहिती. जागेपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत. आणि हा निकष का निवडला याचं अर्ध्या पानाचं टिपण त्याच दिवशी तारखेसह फाइलला लावा. वर्षभराने आठवून लिहिलेल्या टिपणाला वजन नसतं.

ऑनर्स गणिताला तर शिफारस हीच खरी अडचण असते. शिक्षकाच्या शिफारशीवर प्रवेश ठेवला की घरून ज्यांचा पाठपुरावा असतो तीच मुलं पोचतात. सगळ्यांची एकच चाचणी शाळेच्या वेळेत घ्या, ठरलेल्या गुणांवरच्या प्रत्येकाला आपोआप जागा द्या, नको असेल तर पालकांनी कळवायचं. एवढ्याने यादी बदलते, आणि कुणाचा वंश पाहावा लागत नाही.

शेवटचा_बाक

वरच्या दोघांशी सहमत. दोन-तीन गोष्टी राहिल्या.

वंशवार आकडे पाहणं बंद करू नका. घाबरून लोक आधी तेच थांबवतात, आणि मग कोणतं मूल मागे पडतंय हे कुणालाच दिसत नाही. २०१५ च्या एसा या शालेय शिक्षणाच्या फेडरल कायद्याप्रमाणे निकाल गटवार जाहीर करावेच लागतात. विशेष शिक्षणाच्या आयडिया कायद्यात राज्याला निदान, वर्गाची नेमणूक आणि शिस्तीची कारवाई यांतली वांशिक तफावत तपासावी लागते. ती लक्षणीय ठरली तर डिस्ट्रिक्टला त्या निधीतले १५ टक्के लवकर मदतीसाठी बाजूला काढावे लागतात. आकडे पाहून सर्वांसाठीची पद्धत सुधारायची. आकडे पाहून मुलं निवडायची नाहीत.

न्यू जर्सीचे कायदे बोर्डाच्या वकिलासमोर ठेवा. होलोकॉस्ट शिक्षण १९९४ पासून, अ‍ॅमिस्टॅड (आफ्रिकन अमेरिकन इतिहास) २००२ पासून, विविधता आणि समावेशनाचा पाठ २०२१ च्या कायद्याने, आशियाई अमेरिकन इतिहास २०२२ च्या कायद्याने. हे शिकवणं सक्तीचं आहे. शिक्षण खातं स्थापन करणाऱ्या १९७९ च्या कायद्यानेच त्या खात्याला अभ्यासक्रमावर नियंत्रण ठेवायला मनाई केली आहे. दर तीन वर्षांची कॉम्प्रिहेन्सिव्ह इक्विटी प्लॅनही (समान संधीची योजना) राज्याची अट आहे. तिच्या नावातला 'इक्विटी' हा शब्द कसा काढणार?

प्रशिक्षणात शिक्षकांना वंशानुसार वेगळे बसवणारे उपक्रम गाळा. त्या जागी कामाचं शिकवा: मुलाचं नाव नीट उच्चारणं, ५०४ प्लॅनची (अपंगत्व असलेल्या मुलांच्या सोयींची) प्रक्रिया, छळाची तक्रार आल्यावर कुणाला कळवायचं, एकाच चुकीला दोन मुलांना वेगळी शिक्षा होतेय का. स्लाइड्स जपून ठेवा. वाचनाच्या बाबतीत जून २०२५ च्या महमूद विरुद्ध टेलर या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर धार्मिक कारणाने सूट मागणाऱ्या पालकांसाठी पद्धत ठरवा: पुस्तकांची यादी आधी घरी, फॉर्म, पर्यायी काम, नोंद.

आपल्या मराठी घरांसाठी एक. ऑगस्ट २०२५ मध्ये इंग्रजी शिकणाऱ्या मुलांबाबतचं २०१५ चं मार्गदर्शन शिक्षण खात्याने मागे घेतलं. म्हणून मदत बंद झाली असं नाही. १९७४ चा लाउ निकाल (इंग्रजी न येणाऱ्या मुलांना मदत द्यायलाच हवी) आणि त्याच वर्षीचा समान शैक्षणिक संधी कायदा उभे आहेत. प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेच्या फॉर्मवर खरं असेल तर 'मराठी' लिहा. मूल मागे टाकतील या भीतीने बरेच पालक 'इंग्रजी' लिहितात आणि तपासणीच टळते. स्क्रीनर (इंग्रजी किती येतं हे पाहणाऱ्या) चाचणीत गरज दिसली तर शाळेने सत्र सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालकांना कळवायचं, मधे प्रवेश असेल तर दोन आठवड्यांत. ती मदत नाकारायचा हक्क पालकांना आहे, मात्र इंग्रजीची वार्षिक चाचणी द्यावीच लागते.

आणि अनुदानाच्या कागदावर 'बेकायदा डीईआय नाही' अशी ओळ असेल तर मुख्याध्यापकांना एकट्याने सही करू देऊ नका. खोटं विधान ठरलं तर सरकारी पैशासाठी खोटा दावा करण्याविरुद्धच्या फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्टमध्ये तिप्पट भरपाई आहे. आधी खडूफळांनी सांगितलेला तक्ता पूर्ण करा, वकिलाकडून तपासून घ्या, तो जोडूनच कागद सहीला पाठवा.