मदत हवी आहे : देवापुढं उभा राहतो पण आत काही पोचतच नाही

राम राम मंडळी. आई गेली त्याला आठ महिने झाले, तेव्हापास्नं नामस्मरण करताना मनात नुसती भांडणं चालू असत्यात, देव आहे असं वाटतं आणि लगेच मग आईला का नेलं असं पण येतं, आणि असलं वाटलं म्हणून वर अपराधी वाटतं ते वेगळंच. नोव्हेंबरात किरणोत्सवाला कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात गेलो होतो, ९, १० आणि ११ तिन्ही दिवस. मावळतीची किरणं पहिल्या दिवशी पायावर, मग वर सरकत शेवटी चेहऱ्यावर जातात, पण ढग आला की मधेच अडतात ना, तसंच माझं झालंय बघा. जोतिबाला, नरसोबाच्या वाडीला पण जाऊन आलो. घरचे म्हणत्यात डॉक्टरला दाखव, तेपण करणार आहे, लाजायचं काय त्यात.

पण तुमच्यापैकी कुणी यातनं गेलंय का? राग असतानाच जप चालू ठेवला का थोडे दिवस सोडला? आणि देवावर चिडलेलं चालतं का हो? 'पॉझिटिव्ह रहा' तेवढं सांगू नका प्लीज, ते ऐकून कान किटलेत.