मदत हवी: पत्रिकांचं जुनं सॉफ्टवेअर अ‍ॅडमिन लॉगिनशिवाय चालवायचंय

खानापूर_छपाई: लग्नपत्रिका, बॅनर, उताऱ्याच्या प्रिंटा असं दुकान, पीसी विंडोज ११. दिवसभर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लागतात. मराठी-कन्नड टायपिंगचं ३२-बिट जुनं सॉफ्टवेअर दर वेळी अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतंय, म्हणून सगळेच अ‍ॅडमिनवर बसतात. कामावरच्या पोराला पासवर्ड न देता चालेल काय? डोंगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याची यूएसबी किल्ली) आहे.

टिळकवाडीकर: चालतंय की. डोंगलचा ड्रायव्हर एकदा अ‍ॅडमिनने टाकला की सहसा रोज हक्क लागत नाहीत. एक्झी (सॉफ्टवेअरची मूळ .exe फाइल) आणि शॉर्टकट, दोन्हींच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटी टॅब उघडा. ‘रन धिस प्रोग्रॅम अ‍ॅज अ‍ॅन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ची खूण काढा, ‘चेंज सेटिंग्ज फॉर ऑल यूजर्स’मधलीही. बसवणारे ती खूण करून मोकळे होतात.

खूण नसेल तर मागणी बहुधा एक्झीच्या मॅनिफेस्टमध्ये (कुठले हक्क हवेत ते एक्झीतच लिहिलेलं असतं, त्यात) असणार. मग बॅच फाइल (कमांड लिहिलेली साधी .bat फाइल) करा: पहिल्या ओळीत ‘कॉम्पॅट लेअर’ हे व्हेरिएबल (आधी दोन अंडरस्कोअर, मध्ये एक) ‘रनअ‍ॅजइन्व्होकर’ असं सेट करायचं, दुसऱ्या ओळीत एक्झीचा पाथ. याने नवे हक्क मिळत नाहीत, फक्त मागणी दाबली जाते. तरी अडलं तर प्रोसेस मॉनिटर या मायक्रोसॉफ्टच्या मोफत टूलमध्ये ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ची गाळणी लावा, नेमकी कुठली फाइल किंवा रजिस्ट्री की (विंडोजमधली सेटिंगची नोंद) अडवतेय ते कळेल.

निपाणी_नेटवर्क: शोधायचा कंटाळा म्हणून अख्ख्या प्रोग्रॅम फोल्डरला ‘फुल कंट्रोल’ देऊ नका. पोराच्या लॉगिनमध्ये शिरलेला व्हायरस एक्झीच बदलेल, आणि तुम्ही अ‍ॅडमिनने उघडलं की मशीन त्याचं. फक्त डेटा फोल्डरला ‘मॉडिफाय’ पुरे. ‘रनअ‍ॅज’ला ‘सेव्हक्रेड’ जोडून, म्हणजे अ‍ॅडमिनचा पासवर्ड एकदाच साठवून प्रोग्रॅम चालवायचा सल्लाही कुणी देईल. तो पासवर्ड त्या लॉगिनवरून कुठल्याही प्रोग्रॅमला वापरता येतो, म्हणजे किल्ली दारालाच टांगल्यासारखं.

खानापूर_छपाई: खूणच होती, काढली, उघडलं. पण पोराने सेव्ह केलेली पत्रिका माझ्या लॉगिनवर दिसेना.

टिळकवाडीकर: म्हणजे सॉफ्टवेअर प्रोग्रॅम फाइल्समध्येच सेव्ह करतंय. तिथं लिहायचा हक्क नसला की विंडोज अशा जुन्या प्रोग्रॅमचं लिखाण गुपचूप त्या यूजरच्या अ‍ॅपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअरमध्ये वळवतं. पत्रिका तिथंच सापडतील. डी ड्राइव्हवर एक फोल्डर करा, दोन्ही लॉगिनला ‘मॉडिफाय’ द्या, फाइली तिकडे हलवा आणि सॉफ्टवेअरमध्ये सेव्हचा पाथ बदला. नंतर व्हर्च्युअलस्टोअरमधल्या जुन्या प्रती काढायला विसरू नका. वाचताना विंडोज आधी तीच प्रत उचलतं, मग बदललेली सेटिंग लागू होत नाही आणि उगाच डोकं फिरतं.

निपाणी_नेटवर्क: नवे फाँट मात्र ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’नेच टाका, पासवर्ड लागला तरी. एकट्या यूजरसाठी टाकलेले फाँट बऱ्याच जुन्या सॉफ्टवेअरना दिसत नाहीत. आणि स्टँडर्ड लॉगिन असलं तरी रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) तो डी ड्राइव्हचा फोल्डर लॉक करू शकतं, कारण तिथं लिहायचा हक्क आपणच दिलाय. त्याची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि डिस्क काढून ठेवा.