लीजवरची गाडी मुदतीआधी परत करायची आहे, अडीच लाख मागतायत. निपाणीतून तक्रार कुठे करू?

नमस्कार मंडळी,
मी निपाणीची, नोकरी कागल एमआयडीसीत. रोज कोगनोळी नाक्यावरून ये-जा. १४ महिन्यांपूर्वी कोल्हापूरच्या एका कंपनीकडून स्वतःच्या वापरासाठी ३६ महिन्यांच्या लीजवर गाडी घेतली. हप्ता १८,५००, डिपॉझिट ३७,०००. "विमा, सर्व्हिसिंग सगळं ह्यातच. नको झाली की परत द्या," असं तिथल्या मुलानं सांगितलं. करार मोबाईलवर आला, इंग्रजीत, २२ पानी. तो शेजारी उभा राहून "ओटीपी सांगा मॅडम" म्हणत होता. मी सांगितला.

आता पुण्याला बदली झाली म्हणून गाडी परत द्यायला निघाले, तर हिशोब हातात आला. उरलेल्या २२ हप्त्यांची निम्मी रक्कम २,०३,५००. किलोमीटरची मर्यादा ओलांडली म्हणून ६४,८००. ओरखड्यांचे १४,२००. डिपॉझिट वळतं करून २,४५,५०० भरा म्हणतात. तपासणीला आलेल्या माणसानं मागच्या बंपरवर खडूनं तीन गोल काढले. त्यातला एक डाग मी ओल्या फडक्यानं पुसला तर निघून गेला, तरी यादीत आहेच.

निम्मे हप्ते आणि किलोमीटर, दोन्ही अटी १९व्या पानावरच्या परिशिष्टात आहेत. कोटेशनवर एक ओळ नाही. मला कुणाचे पैसे बुडवायचे नाहीत, खरं नुकसान असेल ते भरते. पण मधेच सोडली तर एवढे पडतील हे आधी सांगितलं असतं तर मी ही गाडी घेतलीच नसती.

त्यात पासिंग एमएच ०९ आणि गाडी वर्षाहून जास्त निपाणीत, म्हणून कर्नाटकचा रोड टॅक्सही तुम्हीच भरा, असं आता तोंडी सांगतायत. वाद झाला तर मुंबईतच, लवादापुढे (कोर्टाबाहेरच्या पंचापुढे), असंही करारात आहे. मी कोल्हापूरला जाऊ की बेळगावला?

प्रतिसाद:
ताई, बेळगावला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार राहतो तिथल्या ग्राहक आयोगाकडे जाता येतं. लवादाचं कलम आड येत नाही, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्येच ते सांगितलंय. दोन वर्षांच्या आत तक्रार करा. तुम्ही दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत, त्यामुळे फी नाही.

एक मात्र नीट बघा. लपवलेले खर्च, चुकीचा हिशोब यासाठी जिल्हा आयोग चालतो. निम्म्या हप्त्यांचं कलमच अन्याय्य करार म्हणून रद्द करून हवं असेल तर राज्य आयोगाकडे जावं लागतं. करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, मिळते ती वाजवी भरपाई. तुमची गाडी उद्या दुसऱ्याला भाड्यानं देणार असतील तर २२ महिन्यांचं नुकसान कसलं, हे ई-मेलवर विचारा. रोड टॅक्सचंही लेखीच मागा. किल्ली देण्याआधी मीटर आणि बंपरचा व्हिडिओ काढा, पोच घ्या. १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, आजच फोन लावा, मराठीत बोलता येतं.

धागाकर्ती:
मनापासून आभार. १९१५ वर नोंद झाली. कोटेशनही सापडलं, त्यावर त्या मुलानं पेनानं "सर्व खर्च धरून" लिहिलंय, खाली शिक्का आहे. मूळ कागद द्यायचा का?

प्रतिसाद:
मूळ कुणालाच देऊ नका. झेरॉक्स जोडा.